निळ्या सशाचं रिकामं पत्र

"वर्ष पुरं होईपर्यंत मेलेल्या माणसाचं अक्षर घरात घेऊ नकोस, पेइवन. अक्षरामागून माणूस येतो!" शेजारच्या च्यू काकूंनी बजावलं होतं. मी हसले. "काकू, मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे! माझ्या घरात भुतालाही चपला बाहेर काढाव्या लागतील!"

सासरे नुकतेच गेले होते. तियानजिनमधले पट्टीचे तिकीटवेडे! चीनचं पहिलं टपाल तिकीट आपल्या गावातून निघालं हे असं सांगायचे, जणू त्यावरच्या ड्रॅगनला त्यांनीच लहानाचा मोठा केला. ते गेले आणि सासूबाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. बोलणं बंद, दिवसाला अर्धी वाटी पेज. मी दहादा त्यांच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. मग लेकीचा, तोउतोउचा. मग स्वतःचा!

जानेवारीत पत्र आलं. नाव सासूबाईंचं, अक्षर सासऱ्यांचं! आणि तिकीट? त्याच आठवड्यात निघालेलं, सासऱ्यांनी कधी पाहिलेलंच नाही असं. निळा ससा, लालभडक डोळे, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात पत्र! माझ्या रसायनशास्त्राचं पाणी झालं.

सासूबाईंनी पाकीट फोडलं. आत काहीच नाही.

"आई, रिकामं आहे हो!"

"म्हणजे त्यांचंच," त्या म्हणाल्या. तीन महिन्यांनी आवाज ऐकला! "चाळीस वर्षं एवढंच बोलले माझ्याशी." आणि दोन वाट्या पेज संपवली.

त्या दिवसापासून टेबलावर तिसरी वाटी, सासऱ्यांची. तोउतोउ रिकाम्या खुर्चीकडे बघून खुदकन हसायची. मी तिला उचलून स्वयंपाकघरात पळायची, तर ती माझ्या खांद्यावरून टाटा करायची!

मग सासूबाईंनी उत्तर लिहिलं आणि पाकिटावर चिकटवलं लाल जमिनीवरचं काळं माकड! सन ऐंशीचं; दर नव्या वर्षाचा एक प्राणी, त्या बारा प्राण्यांच्या तिकिटांमधलं अगदी पहिलं, आता सोन्याच्या मोलाचं. सासऱ्यांनी ते तोउतोउसाठी ठेवलेलं. त्याच्यापुढे ते मोठ्यानं श्वासही घेत नसत.

"आई! हे माकड?"

"लांबचं टपाल आहे. साधं तिकीट कसं पुरेल?"

आमच्याकडे तिकडचं टपाल जळून पोचतं. चौकात खडूनं वर्तुळ काढायचं, थडग्याच्या दिशेला फट ठेवायची आणि पितरांसाठीच्या पिवळ्या कागदांबरोबर पेटवून द्यायचं.

पण मी कच्च्या गुरूची चेली नाही! हुबेहूब दुसरं पाकीट केलं, साधं तिकीट लावलं आणि त्यांच्या पिशवीत सरकवलं. माकडाचं पाकीट लपवलं पिवळ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली. गठ्ठा भला जाडजूड होता, सासूबाई वरचे चार कागद घेतील असा माझा हिशेब.

संध्याकाळी त्यांनी अख्खा गठ्ठा उचलला!

मी पोचेपर्यंत वर्तुळात ज्वाळा. त्यातून माकडाचे सोनेरी डोळे माझ्याकडे रोखलेले. वारा नव्हता, तरी राख सरळ फटीतून बाहेर पडली, रांगेत निघाल्यासारखी.

"आई, दोन पाकिटं जळली! एक रिकामंच होतं!" मी रडतरडत कबूल केलं.

"बरं झालं. त्यांनाही कळू दे रिकामं उघडल्यावर कसं वाटतं!"

दुसऱ्या दिवशी ते निळ्या सशाचं पाकीट घेऊन मी टपाल कचेरी गाठली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "हे तर फू काकांचं! पहिल्या दिवसाचा शिक्का हवा म्हणून पहाटेपासून रांगेत होते." फू काका सासऱ्यांचे तिकीटमित्र. वय एक्क्याऐंशी, एकटेच राहतात. मी तडक त्यांचं दार वाजवलं.

"रुग्णालयात लिहून दिली त्यानं," ते ओशाळून म्हणाले. "बारा पाकिटं, बारा वर्षांची. म्हणाला, हिला दर जानेवारीत एक टाक. आत काय लिहू ते सुचेना त्याला."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या मटार सोलत होत्या.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. इतकं सरळ तिकीट फूच लावतो. हे नेहमी वाकडं लावायचे."

"मग माकड का जाळलंत?"

"पत्राला उत्तर नको द्यायला?"

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट. यंदाचं ड्रॅगनचं तिकीट पाच तारखेला निघालं. आज चौदा. पाकीट आलेलं नाही. सासूबाई तीन दिवस दाराशी बसून आहेत, "पत्र येऊ दे, मग जेवते" म्हणतात. फू काकांचा फोन नुसता वाजतोय. नवरा जहाजावर, तोउतोउला ताप, मला घर सोडता येत नाही.

तुम्ही जुन्या कालव्याच्या बाजूला राहत असाल तर कोळशाच्या वखारीमागची इमारत, चौथा मजला, हिरवं दार. जरा फू काकांना बघून याल का? जोरात वाजवा. त्यांना कमी ऐकू येतं.