नगराळ्यांचे समाधानी ग्राहक

लग्नाच्या पंगतीत प्रभाकर नगराळे ज्याच्या शेजारी बसतात, त्याला ताटात वरण पडायच्या आत विचारतात, "झोप कशी लागते तुम्हाले?"

माणूस भांबावतो. काहीजण खुश होऊन आपल्या गोळ्यांची नावं सांगू लागतात. नगराळ्यांना त्यात रस नसतो. "अन् अंगाला खाज?" हा दुसरा प्रश्न. तोवर समोरच्याचा घास हातातच राहिलेला असतो, आणि मी, त्यांच्याबरोबर आलेला म्हणून, मान खाली घालून कोशिंबीर निरखत असतो.

नगराळ्यांचा धंदा ढेकूण मारण्याचा. वारज्यात आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. मूळचे वर्ध्याकडचे. इथल्या कारखान्यात नोकरी होती, कारखाना बंद पडल्यावर पाठीला फवारणीचा पंप लावला. काम चोख, पण गिऱ्हाईक वाढेना. मग ते मोबाईलवरचे व्हिडिओ बघून मार्केटिंग शिकू लागले. सकाळी चहाबरोबर एक धडा बघायचा आणि संध्याकाळपर्यंत तो कुणावर तरी करून बघायचा. 'आधी ग्राहकाचं दुखणं शोधा' या धड्यातून झोपेचा प्रश्न निघाला होता.

पुढचा धडा ब्रँडचा. त्यासाठी त्यांनी स्कूटरच्या खोक्यावर कलिंगडाएवढा ढेकूण रंगवून घेतला. मग गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले. "अहो, आपण गाडी जरा पलीकडच्या गल्लीत लावा. आणि कुणी विचारलंच, तर कुंड्यांना औषध मारायला आलोय म्हणा."

"ढेकूण यांच्या घरात, अन् लपू मी? काहून?" नगराळे माझ्यापाशी चिडायचे. गाडी मात्र पलीकडच्याच गल्लीत लावायचे.

त्यानंतर आला समाधानी ग्राहकाच्या फोटोचा धडा, आणि तिथे सगळं बिनसलं.

तळमजल्यावरच्या शालिनीताई पोळी-भाजीचे डबे करतात. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालतं. त्यांच्या जुन्या गादीत ढेकूण निघाले आणि नगराळ्यांनी गुपचूप येऊन ते साफ केले. ताई इतक्या खुश झाल्या, की मागच्या अंगणात उन्हात टाकलेल्या गादीशेजारी उभ्या राहून त्यांनी फोटो काढू दिला. काढला मीच, नगराळ्यांच्या मोबाईलवर. ताईंना वाटलं, ठेवतील आपल्यापाशी. नगराळ्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या समाधानी ग्राहक! ढेकणांपासून कायमची मुक्ती!' शेवटी एक पुष्पगुच्छ.

दुपारपर्यंत सोसायटीत डाएटची साथ पसरली. 'ताई, उद्यापासून डबा नको, पोळी सोडलीय.' 'ताई, सासूबाई आल्यात, आता घरीच होईल.' एका गृहस्थांनी तर उपवास धरले. ढेकूण हा शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्याकडे सभ्य लोक राहतात.

नगराळे माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "फोटो काढून टाकला जी. पण लोकांनी पाहिलं ते कसं काढू? ताईंकडे गेलो होतो. रागावल्याही नाहीत. 'होतं हो असं' म्हणाल्या अन् दार लावून घेतलं."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा संदेश आला. 'क्षमस्व. फोटोतली गादी माझी आहे. ढेकूण माझ्या घरात झाले होते. ताईंच्या अंगणात ऊन येते म्हणून गादी तिथे टाकली. जाहिरातीच्या हव्यासापोटी मी खोटे लिहिले. ताईंच्या घरात ढेकूण कधीच नव्हते. प्र. नगराळे.'

ग्रुपला ऊत आला. 'ढेकूणवाल्याच्याच घरात?' 'आता स्वतःला सवलत द्या म्हणावं!' डाएट संपले, उपवास सुटले, ताईंचे डबे सुरू झाले. नगराळ्यांना मात्र सोसायटीतून फोन येणं थांबलं. त्यांच्याकडे कुणी पेपर मागायलाही जाईना.

मी गेलो. "अहो, हे काय केलंत? धंदा बसेल तुमचा."

त्यांनी पंपाची नळी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "लग्नानंतर सासरे पहिल्यांदा आमच्या घरी आले होते. दुपारी जेवून पलंगावर आडवे झाले. जरा वेळानं पाठ खाजवत उठले अन् बाहेर पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथंच. एक शब्द बोलले नाहीत. बायको जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिनं त्या दिवशी खाली घातलेली मान मले अजून दिसते. अन् ताईंची मान मीच खाली घालायला लावली."

एवढ्यात शालिनीताई जिना चढून आल्या. लोटलेलं दार त्यांनी भिंतीला टेकेपर्यंत सताड उघडलं. नगराळ्यांनी घाईघाईने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. ताई तिला वळसा घालून गेल्या आणि पलंगावर बसल्या, पाय वर घेऊन, भिंतीला पाठ टेकून.

"चहा टाका," त्या जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचे दोघे खाली उतरत होते. त्यांची पावलं दाराशी रेंगाळली.

नगराळे स्वयंपाकघरात गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बंदच होईना. चहा काही येत नव्हता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात एकही ढेकूण नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी आल्यापासून दुसऱ्या खुर्चीच्या अगदी कडेला बसलो होतो. मला लाज वाटली. मी उठलो आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो.