सरांच्या हौदातली मगर

"गढूळ पाण्याचं मला कुणी सांगू नये," यज्ञेश्वर सर फोनवर मुलाला म्हणाले. "सगळा जन्म महाडात गेलाय माझा."

यात खोटं काही नव्हतं. सावित्री नदीचा पूर ओसरला की महाडात घरोघरी हंड्यात तुरटी फिरते, आणि सरांनी तर उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलेलं. पुण्यातला शौनक बिचारा एवढंच सांगत होता, की बाबा, तुरटी टाकलीत की पंप बंद करा आणि पाण्याला हात लावू नका, गाळ आपोआप खाली बसेल. सरांनी मध्येच फोन ठेवून दिला. ज्याला नववीत तुरटीचं सूत्र पाठ होत नव्हतं, त्याने बापाला तुरटी शिकवायची म्हणजे फारच झालं.

पाणी होतं सरांच्या स्विमिंग पूलमधलं. निवृत्तीनंतर महाडजवळच्या तुडील गावी घर बांधलं तेव्हा मागच्या परसात त्यांनी हौसेने तो करून घेतला. गाव त्याला हौद म्हणायचं आणि सर प्रत्येकाची चूक सुधारायचे. पण खरी गोष्ट अशी, की तो त्यांनी बांधला होता बायकोसाठी. प्रमोदिनीबाईंचं माहेर तुडीलचंच. लहानपणी त्या नदीत सूर मारून तळाची वाळू मुठीत घेऊन वर यायच्या. पुढे लग्न झालं, महाडचं बिऱ्हाड झालं, नदीत मगरी दिसू लागल्या, आणि बाईंचं पोहणं सुटलं ते सुटलंच. येत्या रविवारी त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी पाण्यात उतरायचं असं ठरलं होतं. त्यासाठी गडद निळा पंजाबी ड्रेस शिवून कपाटात ठेवलेला. त्यांची अट एकच होती.

"माझी पावलं मला दिसली पाहिजेत. तळ दिसत नसेल तर मी उतरणार नाही."

आणि शुक्रवारी सकाळी पूल पाहावा तर भाताच्या पेजेसारखा पांढुरका!

सरांनी वाण्याकडून पिशवीभर तुरटी आणली, जुन्या पंच्यात बांधली, पंच्याचं गाठोडं बांबूच्या टोकाला लावलं आणि हंड्यात फिरवतात तशी पुलात फिरवायला लागले. पंप चालूच. हंड्यात चार वेढे पुरतात, म्हणून इथे त्यांनी सकाळभर वेढे मारले. पाणी निवळेना, उलट जास्तच गढुळलं. सरांना पाण्याचा राग आला. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला धरावं तसं त्यांनी ते आणखी जोराने ढवळलं, आणि ढवळता ढवळता त्यांना एक सणसणीत शिंक आली.

शिंकेबरोबर तोंडातली कवळी सुटली आणि पुलात पडली.

ही कवळी सैल झालीय, डॉक्टरांना दाखवून घ्या, असं प्रमोदिनीबाई गणपतीपासून सांगत होत्या. सरांचं उत्तर ठरलेलं होतं: दात माझे आहेत, मला कळतं. आता कोणत्या तोंडाने सांगणार? तोंडच राहिलं नव्हतं. तोंड उघडलं की बोळकं दिसणार आणि 'स' म्हणायला जावं तर नुसती हवा निघणार. सरांनी बराच विचार केला आणि बायकोला मोबाईलवर मेसेज पाठवला: तुझ्या दीर्घायुष्यासाठी रविवारपर्यंत मौनव्रत धरलं आहे, जेवण म्हणून फक्त पेज घेईन. प्रमोदिनीबाईंचे डोळे पाणावले. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवऱ्याने त्यांच्यासाठी गप्प बसण्याची ही पहिलीच वेळ होती.

शनिवारी सकाळी सर पुन्हा बांबू घेऊन पुलाच्या काठी. आता ढवळणं कमी आणि चाचपणं जास्त चाललं होतं. एवढ्यात कुंपणापाशी शेजारचा कुशाबा आला. कुशाबा गावातला बागायतदार, स्वभावाने चौकस.

"सर, काय हाय पाण्यात?"

सरांनी मोबाईलवर लिहून दाखवलं, तर कुशाबाचा चष्मा घरी. मग सरांनी आधी ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे कुणाला सांगू नको. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, दोन्ही हातांचे पंजे एकमेकांवर आपटून दात कसे असतात ते दाखवलं, आणि शेवटी पाण्याकडे बोट केलं. घराकडे बघून मान हलवली, म्हणजे हिला कळू देऊ नको.

कुशाबाचा चेहरा उतरला. तो मागे न वळता, उलटा चालत घरी गेला.

त्याची बायको ठकूबाई. तिच्या कानावर गोष्ट गेली आणि जेवणवेळेपर्यंत तुडीलच्या त्या टोकाला पोचली. सरांनी दोन पंजांत दाखवलेली मगर तिथे जाईतो बैलगाडीएवढी झाली होती. दुपारी परसात ही गर्दी! कुणी कुंपणावर, कुणी आंब्यावर. वनखात्यातला नागसेन जाळी आणि पिंजरा घेऊन हजर झाला. त्याने काठाने फेरी मारली, पाण्यात निरखून पाहिलं आणि सरांच्या हातातला बांबू काढून घेतला.

"सर, तुमी सारखं ढवळताव, मग ती खवळंल नाय तर काय? पंप बंद करा. निवळेपर्यंत पाण्याला कोनी हात लावायचा नाय."

सरांनी जोरजोरात मान हलवली. मोबाईलवर "मगर नाही" एवढं लिहून बायकोपुढे धरलं.

"मग काय आहे?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

अख्खं गाव सरांकडे बघत होतं. सरांनी मोबाईल खिशात घातला.

"जाऊ दे," बाई हळूच म्हणाल्या. "नव्हतं माझ्या नशिबात." आणि आत जाऊन त्यांनी निळा ड्रेस घडी करून कपाटात तळाशी ठेवला. दारातून ते पाहिलं तेव्हा सरांना खरोखर वाईट वाटलं, इतकं की मघाशी गर्दीतच कबूल केलं असतं तर बरं, असं मनात आलं. पण कुंपणाजवळ त्यांचे माजी विद्यार्थी खुर्च्या टाकून बसले होते. सर पेज प्यायले आणि झोपले.

रविवारी उजाडलं आणि ठकूबाईने हाक मारली, "अगो प्रमोदिनी, भाईर ये, बघ तरी गो!"

पाणी काचेसारखं झालं होतं. रात्रभर पंप बंद होता आणि मगरीच्या भीतीने त्याला कुणी शिवलं नाही, त्यामुळे शुक्रवारपासूनची सगळी तुरटी आपलं काम करून गाळासकट खाली बसली होती. शौनक सांगत होता ते हेच. तळाच्या फरश्या सांध्यांसकट दिसत होत्या. मगर कुठे नव्हती. मधोमध मात्र काहीतरी गुलाबी-पांढरं पडलं होतं. गाव वाकून बघू लागलं.

"मॅडम," नागसेन गंभीरपणे म्हणाला, "मगर नाय. पन दात हायत."

सगळ्यांच्या नजरा सरांच्या मिटलेल्या तोंडाकडे वळल्या. प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या. सरांना वाटलं, आता त्या बाहेर येत नाहीत. पण आल्या त्या निळा ड्रेस घालूनच. पायऱ्यांवरून एकेक पाऊल आत टाकलं, थांबून खाली पाहिलं. दोन्ही पावलं दहाही बोटांसकट दिसत होती. त्या लहान मुलीसारख्या हसल्या, आणि क्षणात सूर मारून तळाशी गेल्या. वर आल्या तेव्हा मुठीत वाळूऐवजी कवळी होती. खालचा गाळ उसळला आणि पाणी पुन्हा पेजेसारखं झालं, पण बाईंना त्याचं आता काही नव्हतं.

टाळ्यांच्या गजरात सरांनी कवळी घेतली आणि न धुताच तोंडात बसवली. दोन दिवसांचं बोलणं साचलं होतं. "बघ, करून दाखवलं की नाही," असं ते म्हणणार होते. पण तुरटीत मुरलेल्या कवळीने तोंड असं काही आकसलं, की जीभ टाळ्याला चिकटली आणि शब्दच फुटेना.

"राहू द्या हो," मधोमध तरंगत प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "दोन दिवस किती छान चाललं होतं."