गोटीरामचे आठ साग

"बैल मागायला मी त्याच्या दारात जाऊ? त्यापेक्षा ओंडके दातानं वढीन!"

भाकरीचा तुकडा ताटात आपटून गोटीरामने हे जाहीर केलं, तेव्हा दोन हजार एक सालच्या मार्चची पंधरा तारीख होती आणि जंगल खात्याचा परवाना एकतीसला संपत होता. आठ साग तोडायचे आणि ओंडके डोंगराच्या मधल्या टप्प्यावरून खाली घराशी आणायचे, तेही एकतीसच्या आत. एक दिवस उलटला तरी पुन्हा अर्ज, पुन्हा नकाशा, पुन्हा पेठच्या ऑफिसातलं ते बाकडं. हा परवाना मिळवण्यातच त्याची दोन वर्षं गेली होती. घर पावसात चाळणीसारखं गळायचं. यंदाच्या पावसाआधी बापाने लावलेल्या सागाचं घर उभं केलं नाही तर गोटीराम नाव लावणार नाही, असं त्याने अख्ख्या पाड्याला ऐकवलं होतं. शपथा घ्यायची त्याला भारी हौस.

"दातानं वढा," ठमाबाई म्हणाली, "पण आधी तोंडातला घास गिळा."

ज्याच्या बैलांचा विषय निघाला होता तो चंदर म्हणजे गोटीरामचा सख्खा थोरला भाऊ. वाटणीत चंदरला डोंगरावरचा माळ आला, गोटीरामला ओढ्याकाठचं शेत आणि मधल्या उतारावरचे आठ साग. पुढे सरकारने सडक काढली ती वरून. हातपंप बसवला तोही वर, चंदरच्या अंगणाला लागून. हे सगळं आपल्याला छळायला चंदरनेच घडवून आणलं, असं गोटीरामचं ठाम मत होतं. तीन वर्षांपूर्वी बांधावरच्या बांबूवरून दोघांची जुंपली. तेव्हा चंदरच्या अंगणाभोवतीच्या, शेराच्या झुडपांच्या कुंपणाबाहेर उभं राहून गोटीराम गरजला होता, "या अंगणात पुन्हा पाय टाकला तर पाय तोडून दीन!" तेव्हापासून भावाभावांत अबोला. ठमाबाई मात्र रोज चार वेळा त्याच अंगणाशेजारच्या हातपंपावर हंडे भरून डोंगर उतरत होती. शपथ नवऱ्याची होती, पाणी घराला लागत होतं.

अशात खबर लागली, की नाशिकजवळच्या एका वीटभट्टीवर लष्कराच्या लिलावातलं एक खेचर विकायचं आहे. गोटीराम ठमाबाईला घेऊन दुसऱ्याच दिवशी भट्टीवर हजर झाला. खेचर उंचपुरं, शांत, खुरावर लष्कराचा नंबर डागलेला. सौदा लगेच जमला, पण भट्टीवाला खोगीर द्यायला तयार होईना, तेव्हा गोटीराम खवळला. "खोगिराबिगर खेचर नेऊन काय पुजू?" असं तो अर्धा तास ओरडत होता. तेवढ्या वेळात भट्टीवरचा म्हातारा मुकादम ठमाबाईला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि ती तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी खोगीर मिळालं. टेम्पोतून खेचर पाड्यावर उतरलं. त्याची ऐट बघून लोकांनी त्याला हवालदार म्हणायला सुरुवात केली.

परवानगीची खूण म्हणून जंगल खात्याच्या सुनील गार्डने आठही बुंध्यांवर जमिनीलगत हातोड्याने शिक्का मारला होता. "शिक्क्याच्या वर तोडा," त्याने तीनदा बजावलं होतं. "शिक्क्यासकट बुडखा जमिनीत राहायला पाहिजे. पुरावा तोच." गार्डने बजावलं म्हणूनच गोटीरामचं डोकं फिरलं.

"झाड लावलं माझ्या बापानं, आन वीतभर साग सरकारसाठी कुजत ठेवू?" त्याने माती उकरली आणि करवत शिक्क्याच्या खाली लावली.

करवतीच्या दुसऱ्या टोकाला ठमाबाई होती. "साहेब काय म्हणले व्हते..."

"साहेबाला सागातलं काय कळतं? तू वढ!"

तिने ओढलं. आठ झाडांचे बत्तीस ओंडके झाले. बावीस तारखेच्या सकाळी खोगिराच्या दोन्ही बाजूंना एकेक ओंडका बांधून गोटीरामने हवालदाराचं तोंड खालच्या वाटेला केलं. हवालदार सावकाश वळला आणि वरच्या वाटेला लागला.

"अरे, खाली! खाली!" गोटीरामने दोर ओढला. हवालदार चालत राहिला. गोटीरामने टाचा मातीत रोवल्या, तशा त्या मातीतून नांगर चालल्यासारख्या रेघा काढत वर गेल्या. वाटेत त्याचा सदरा बोरीला अडकून फाटला. शेराचं कुंपण आलं तेव्हा शपथ आठवून त्याने दोर सोडला. हवालदार मात्र कुंपणाच्या तोंडातून सरळ चंदरच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

चंदरची बायको पुतळाबाई बाहेर आली. तिने ओझ्याच्या गाठी सोडल्या, ओंडके उतरवले आणि जनावराला नाचणीची अर्धी भाकरी दिली. ती संपवून हवालदार रिकामा खाली आला आणि उरलेल्या ओंडक्यांपाशी थांबला. लष्करातच होता तो, हुकूम मिळेपर्यंत हलायचा नाही.

गोटीराम हट्टाला पेटला. दुसऱ्या खेपेला त्याने हवालदाराच्या डोळ्यांवर ठमाबाईचं जुनं लुगडं बांधलं आणि त्याला चार गिरक्या दिल्या. गिरक्यांनी गोटीराम भेलकांडला. हवालदाराने पायानेच चढ ओळखला आणि लुगड्यासकट वर गेला. तिसऱ्या खेपेला गोटीराम भाकरी दाखवत खाली उतरू लागला. हवालदार चार पावलं मागे आला, भाकरी खाल्ली आणि वर गेला. चौथ्या खेपेला त्याला उलटं चालवायचं ठरलं, त्यात लाथ बसली. प्रत्येक प्रयोगाला दोन ओंडके खर्ची पडत होते. सहा दिवसांत बारा ओंडके चंदरच्या अंगणात जमा झाले.

भावाशी बोलायचं नव्हतं, म्हणून गोटीराम कुंपणाबाहेरून खेचराशी बोलू लागला.

"हवालदारा, चोराच्या घरची भाकरी खातो, लाज नाय वाटत?"

आतून चंदरचा आवाज आला. "हवालदारा, तुझ्या मालकाला सांग, माझ्या अंगणात कचरा टाकू नको म्हणावं. उद्या चुलीत घालीन."

"हवालदारा, त्याला म्हणावं, घालून तर दाखव! तुझी चूल फोडीन!"

"हवालदारा, त्याला म्हणावं, ये की आत फोडायला."

हवालदार दोघांच्या मध्ये उभा राहून शेपटीने माश्या हाकत होता.

तीस तारखेला गोटीरामचा पारा पार चढला. त्याने ठरवलं, भावावर चोरीची तक्रार करायची. "मी गार्डसाहेबाला आणायला पेठला चाललो," तो ठमाबाईवर ओरडला. "खेचर रिकामं उभं ठेवू नको. कामाला लाव. त्याची खोड मोडलीच पाहिजे!"

"लावते," ठमाबाई म्हणाली.

एकतीसच्या दुपारी तो सुनील गार्डला घेऊन परत आला तेव्हा उतारावर एकही ओंडका नव्हता. "उरलेले वीस?" त्याने विचारलं.

"वर गेले," ठमाबाई शांतपणे म्हणाली. "तुम्हीच सांगितलं, रिकामं ठेवू नको."

गोटीराम तिच्यावर तोंड टाकणार, तोच गार्ड खाली बसून बुडखे बघू लागला. एक पाहिला, दुसरा पाहिला, आठही पाहिले आणि उभा राहिला.

"गोटीराम, शिक्के कुठे आहेत?"

"ओंडक्यांवर हाईत, साहेब. वर."

"शिक्का बुडख्यावर पाहिजे! शिक्क्याचं लाकूड कोणीही कुठूनही आणून टाकेल. ही झाडं परवान्यातलीच, हे कशावरून? माल जप्त होणार. शिवाय केस."

दोन वर्षांचे हेलपाटे, बापाची झाडं, पावसाळ्याआधीचं घर, सगळं वीतभर लाकडाच्या हट्टापायी चाललं होतं. आणि ज्याच्यावर चोरीची तक्रार करून साहेबाला आणलं, त्याच्याच तोंडून आता खरं वदवायचं होतं. गोटीरामला स्वतःचा इतका राग आला, की तो वाटेतल्या दगडाला लाथ मारून लंगडत वर गेला.

चंदरच्या अंगणात बत्तीस ओंडके रांगेने मांडून ठेवले होते. वाळवी लागू नये म्हणून खाली दगड होते. ऊन लागून तडकू नयेत म्हणून टोकांना शेण सारवलं होतं. गोटीराम कुंपणाबाहेरून बघत राहिला. चुलीत घालीन म्हणणाऱ्याने केलेली ही व्यवस्था बघून त्याला काय वाटलं ते त्यालाही नीट कळलं नाही, म्हणून तो चिडला.

गार्डने चंदरला विचारलं, "ही लाकडं कोणाची? कुठल्या झाडांची?"

चंदरने एकदा कुंपणाकडे पाहिलं. नुसतं "मला ठाऊक नाय" म्हटलं असतं तरी तीन वर्षांचं उट्टं निघालं असतं.

"त्याची हाईत," चंदर गार्डला म्हणाला. "खालच्या उतारावरची. हा जाडा ओंडका वढ्याकडल्या पयल्या झाडाचा. मला गोवर निघाला व्हता त्या वरसाला बाबानं लावलं."

"खोटं!" गोटीराम कुंपणावरून ओरडला. "गोवर मला निघाला व्हता!"

"तुला कांजण्या निघाल्या व्हत्या!"

"कांजण्या तुला! त्या दिशी बाबासंगं रोप धरायला मी गेलतो!"

"तू? तू आईच्या काखेत व्हता! पाणी मी घातलं, दोन वरसं!"

"आन वीज पडली तवा? सा नंबरचं झाड धुमसत व्हतं तवा माती कोणी टाकली?"

"मी टाकली! तू तर रडत व्हता!"

"हा बघा साहेब, हा ओंडका!" गोटीरामने एक ओंडका पायाने लोटून काळी पडलेली शीर दाखवली. "ही इजेची खूण. खालच्या बुडख्यात पण हाय, जाऊन बघा. आन हा म्हणतो मी रडत व्हतो!"

"रडतच व्हता! नाक पुसायला माझा सदरा घेतला व्हता!"

सहाव्या बुडख्यातली काळी शीर गार्डने मघाशीच पाहिली होती. तो दोघांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला. "बास! पटलं मला. चोरीच्या लाकडासाठी कोणी इतकं भांडत नाही." तो पंचनामा लिहायला बाजेवर बसला.

तेव्हा पुतळाबाई म्हणाली, "भावजी, पाय कवा तोडून देताय?"

गोटीरामने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय चंदरच्या सारवलेल्या अंगणात, बरोबर मधोमध होते.

"एक ऐका," गार्ड म्हणाला. "परवाना आज दिवस मावळेपर्यंत. न्यायचा असेल तर आत्ता खाली न्या. एकदा माल इथे पोचला असं मी लिहिलं, की पुन्हा हलवायला नवा परवाना लागेल."

गोटीरामने हवालदाराकडे पाहिलं. हवालदार भाकरीची वाट बघत होता. गोठ्यात चंदरचे बैल रवंथ करत होते. चंदर बैलांकडे बघू लागला, गोटीराम समोरच्या डोंगराकडे. "देतो का?" एवढं एकाने विचारलं असतं किंवा "ने" एवढं दुसऱ्याने म्हटलं असतं, तरी भागलं असतं. पण गोवराचा निकाल अजून लागला नव्हता. दोघेही दात आवळून उभे राहिले आणि सूर्य डोंगराआड गेला. गार्डने 'माल मालकाने बांधकामाच्या जागी पोचवला' असं लिहून खाली दोघांचे अंगठे घेतले.

"बांधकामाची जागा?" गोटीराम किंचाळला. "साहेब, माझं घर खाली हाय!"

"मग अर्ज करा," गार्ड म्हणाला आणि सडकेकडे निघाला.

"पंपाच्या पलीकडं आमची मोकळी जागा हाय," पुतळाबाई म्हणाली. "तिथं बांधा. तोंडं बघवत नसतील तर मधी शेर लावा."

मे संपता संपता हातपंपाच्या पलीकडे सागाच्या खांबांचं घर उभं राहिलं. खांब उभे करताना दोघे भाऊ रोज भांडले, पण आता थेट, खेचराला मध्ये न घेता. मग खालच्या घरातलं सामान वर न्यायचा दिवस आला. हवालदाराच्या पाठीवर एका बाजूला जातं, दुसऱ्या बाजूला पेटी आणि वर डबे बांधले. मागून डोक्यावर गाठोडं घेऊन ठमाबाई आणि शेवटी हात हलवत, खेचराच्या सात पिढ्या उद्धारत गोटीराम. हवालदार चढावर एकदाही थांबला नाही.

"आता बघ कसा चालतोय!" गोटीराम धुसफुसला. "याला उताराला वझं चालत नाय, हे त्या भट्टीवाल्यानं इकतानाच सांगायला नको व्हतं?"

"सांगितलं की," ठमाबाई म्हणाली.

"कवा?"

"तुम्ही खोगिरापायी वरडत व्हते तवा. मुकादम म्हणला, बाई, यानं जलमभर लष्कराचं वझं डोंगरावर नेलं आन रिकामं खाली आलं. वझं घेऊन हे फक्त वर जातं."

गोटीराम वाटेतच थांबला. राग नेहमीसारखा तळपायातून निघाला. "मग... मग बोलली कामून नाय?"

ठमाबाई वळली. "तीन वरसं रोज म्हणत व्हते, पाणी वरून आणून मान मोडती. ते तरी कुठं ऐकलं?"

राग गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला. याच वाटेने रोज चार वेळा भरले हंडे खाली आले होते आणि आपण ओट्यावर बसून पाणी कोमट का म्हणून ओरडलो होतो, हे त्याला आठवलं. त्याला लाज वाटली. लाज वाटल्यावर काय करायचं असतं याची त्याला सवय नव्हती.

"दे हिकडं!" तो खेकसला आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं हिसकून त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

वर कुंपणापाशी चंदर उभा होता. त्याने आधी हवालदाराला पाहिलं, मग त्याच्यामागून रिकाम्या हातांनी येणाऱ्या ठमाबाईला आणि मग गाठोड्याखाली धापा टाकणाऱ्या गोटीरामला.

"पुतळे," तो आत ओरडला, "भाकरी दोन आण!"