परकोटाचा कमरेइतका तुकडा

गजाननकाका घरी आलेल्या माणसाला "बसा" म्हणत नसत. "भिंतीले टेकू नका," म्हणत. मग खुर्ची पुढे ओढून देत.

कारण त्यांच्या घराची मागची भिंत म्हणजे अमरावतीचा जुना परकोट. काळ्या दगडांचा, शहराभोवती कधीकाळी उभा केलेला, आता ठिकठिकाणी खचलेला. वेशीपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतचा त्याचा एक तुकडा शाबूत होता आणि तो काकांनी जणू दत्तक घेतला होता. मी अकोल्याहून इथल्या शाळेत शिक्षिका म्हणून बदलून आले आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच सकाळी पाहिलं, तर धोतर खोचलेला एक म्हातारा शिडीवर चढून दगडांच्या फटीतून पिंपळाची रोपं उपटत होता. खालून एक आजी, पिंपळ उपटणं पाप आहे, म्हणून सांगत होत्या. काका वरूनच म्हणाले, "लागू द्या मले पाप. भिंतीले नाही लागलं पायजे."

ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच. भिंतीशी कुणी लघवीला उभा राहिला, तर काका शिव्या देत नसत. शेजारी जाऊन उभे राहत आणि काळजीच्या सुरात विचारत, "कवापासून होऊन राहिलं असं? साखर तपासली का?" माणूस अर्ध्यातच पळे. एकदा वरात चालली होती. डीजेच्या दणक्यानं भिंतीतली माती झरू लागली, तसे काका हात जोडून वरातीपुढे आडवे झाले. नवरदेवाच्या मामाला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्यानं काकांना खांद्यावर घेतलं आणि चौकापर्यंत नाचवलं. काका वरूनच डीजेवाल्याला आवाज कमी करायच्या खुणा करत राहिले, आणि लोक त्या खुणांवर नाचत राहिले.

कॉलेजातल्या एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, ही भिंत कोणी बांधली. काका म्हणाले, "असंल कोनी. बांधून गेला बिच्चारा." तिची निराशा झाली. मलाही नवल वाटलं. भिंतीवर एवढा जीव आणि तिची माहिती शून्य.

भिंतीला फुगवटा आला, तेव्हा काका कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. एका कचेरीत म्हणत, ही आमच्याकडे येत नाही. दुसरीत म्हणत, आमच्याकडे तर मुळीच नाही. वरूडला दिलेली त्यांची मुलगी फोनवर रडायची. आईची तब्येत बरी नाही, तुम्ही दोघं इकडे या, म्हणायची. काका म्हणायचे, इथून हलता येत नाही. मला राग यायचा. त्यांच्या बायकोचं, सिंधूकाकूंचं, विसरणं वाढत चाललं होतं हे गल्लीला ठाऊक होतं, आणि हा माणूस दगड कुरवाळत बसला होता.

भादव्यात चार दिवस पावसाची झड लागली आणि भर दुपारी भिंतीचा मधला भाग बसला. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उरलेली धोकादायक म्हणून पाडायला जेसीबी आला. काका त्याच्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता आडवे पडतील. पण ते ड्रायव्हरला हळू आवाजात एवढंच म्हणाले, "वरचं पाड, बाबू. खालचं राहू दे. कमरेइतकं राहू दे." ड्रायव्हर भला होता, पण त्याला हुकूम होता. संध्याकाळपर्यंत दगड ट्रॅक्टरमध्ये भरून गेले. काकांच्या घराची मागची भिंत म्हणून तेवढा एक तुकडा राहिला.

त्यानंतरच्या एका सकाळी मी शाळेला निघाले. वेशीजवळ सिंधूकाकू उभ्या होत्या. हातात मारुतीच्या देवळातला नारळाचा तुकडा, आणि डावा तळहात हवेत पसरलेला.

"इथं भिंत होती ना, माय?" त्या मला म्हणाल्या. "कुठी गेली?"

तेवढ्यात काका धावत आले. त्यांनी हात पुढे केला. काकूंनी पदर सावरला आणि त्या मागे सरकल्या. "कोन होय तुमी?"

काकांचा हात तसाच राहिला. मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी न्या तिले. बाईमानसासोबत येते थे."

मी काकूंना घेऊन निघाले. काका बरेच मागून येत होते, त्या घाबरू नयेत म्हणून. घरी पोचवल्यावर ओट्यावर काकांनी सांगितलं. रस्ता, दार, नवरा, सगळं पुसलं गेलं होतं. पण भिंतीला हात लावत लावत गेलं की घर येतं, एवढं काकूंच्या हाताला माहीत होतं. भिंत होती तोवर कुणी सोबत आलेलं त्यांना चालत नसे. दिवसातून एकदा देवळात जाऊन त्या आपल्या आपण परतत.

"तेवढंच राह्यलं होतं तिच्याजवळ," काका म्हणाले. "मी कोनाले काय सांगू? बायको मले वयखत नाही, म्हनून भिंत ठेवा?"

काकू आता बाहेर जात नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला निघताना भेटायला गेले, तर खोलीतलं कपाट, पलंग, धान्याची कोठी, सगळं मधोमध ओढलेलं. फोटो आणि कॅलेंडरसुद्धा खिळ्यांसकट काढलेले. काकू भिंतीवरून तळहात फिरवत खोलीभर चालत होत्या. सामानाच्या गर्दीत काका अंग चोरून बसले होते.

जाता जाता काकू थांबल्या. काकांकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुमी कोनाकडचे?"

"इथलाच आहो, बाई," काका म्हणाले. "चालू द्या तुमचं."