बिनपायी घोड्यांची हकीकत

श्री एकदंत कृपा करो, विसरले ते क्षमा करो. शके सोळाशे अमुक, संवत्सराचे नाव बखरकारास पुसू नये. कोणा एका राज्यात वस्तू जन्मत नसत, घडत असत. आधी कागदावर नमुना लिहावा, त्यात रकाने राखावे, आणि खाली घडणविधी लिहावा, तो वस्तू घडतेसमयी आपोआप एकदाच होऊन रकाने भरी. हे काम गुंडोपंत नमुनेनवीस यांजकडे. इतक्यात राजपुत्राचे लग्न निघाले आणि वरातीस दोनशे घोडे पाहिजेत ऐसी महाराजांची मर्जी जाहली. मग पंतांनी तीन दिवस मान मोडून घोड्याचा नमुना लिहिला, नाव, रंग, पाय ऐसे रकाने केले, आणि कागद हुजूर ठेविला. महाराजांनी तो भुईवर अंथरिला, त्यावर मांड टाकिली आणि पुसिले, "गुंडोपंत, हा चालत का नाही?" पंत हात जोडोन बोलिले, "महाराज, हा घोडा नव्हे, नमुना. यावर बसो नये, यावरून घोडे घडवावे. नमुना एक, घोडे पाहिजे तितके. एकाचे शेपूट तुटले तरी दुसऱ्याचे शाबूत." महाराज उठले, अंगरखा झाडिला, आणि समजले ऐसे दाखविले.

पुढे घडविण्याचे काम बहिरोपंत कारभारी यांणी मागोन घेतले. गृहस्थ उतावळे. विधी दीड हात लांब पाहोन बोलिले, "इतके पाल्हाळ कशास?" आणि खोडिला. त्यास नियम ऐसा की लिहिला विधी नसेल तेथे मुका विधी होतो, तो कोणास काही पुसत नाही, रकान्यांत शून्य भरितो. मग दोनशे घोडे घडले, नाव नाही, रंग नाही, पाय शून्य, अवघे पोटावर पडोन दाणा मागो लागले. महाराज कोपले. कारभारी बोलिले, "नमुनाच खोटा." मग हुकूम जाहला की गुंडोपंतांस पहाऱ्यात ठेवावे आणि उदईक गाढवावरून धिंड काढावी. पंतांस गाढवाचे भय थोडे, परंतु लेकीचे नवे सासरे लग्नास आले होते आणि त्यांचे बिऱ्हाड नेमके धिंडीच्या वाटेवर, पेठेच्या तोंडाशी.

दुसरे दिवशी गाढव पाहिजे, ते राज्यात नव्हते, पंतांनी मागे लिहिलेला नमुना मात्र होता. कारभाऱ्यांनी त्यावरील विधीही खोडोन घाईने गाढव घडविले, पंतांस उलटे बसविले, ताशे वाजो लागले, आणि गाढव जागचे हलेना. महाराजांनी पुसिले, "यास पाय किती?" कारभारी बोलिले, "शून्य, महाराज." "हे घडले तेव्हा गुंडोपंत कोठे होते?" "पहाऱ्यात." मग महाराज कारभाऱ्यांकडे वळले. कारभारी चाचरत बोलिले, "आता विधी करितो, पाय येतील." पंत बसल्या जागेवरून बोलिले, "बारसे म्हातारपणी होत नाही, कारभारी. दुसरे घडवावे लागेल." महाराज बोलिले, "घडवा." पंतांनी विधी पुन्हा लिहिला, पाय चार, रंग करडा, आणि स्वाराचा रकाना आला तेथे लेखणी थांबवून, "नाव कोणाचे घालू?" ऐसे पुसिले. महाराजांनी कारभाऱ्यांकडे बोट केले.

धिंड पेठेतून गेली, व्याह्यांनी ती ओसरीवरून पाहिली आणि पंतांस आपल्या हाते विडा दिला. घोड्यांचा विधीही पंतांनी पुन्हा लिहिला, आणि नवे दोनशे घोडे पायांनी वरातीस गेले. सारांश, कागदावर बसो नये आणि विधी खोडो नये. जुने बिनपायी घोडे अद्याप पागेत आहेत, बहिरोपंत त्यांस दोन वेळ दाणा घालितात. शाई येथे सरली.