शेवंतीचा ना हरकत दाखला

हितेंद्र बोरोले यांनी घोडी हलवायचं ठरवलं ते एका सोमवारी सकाळी, दाढी करताना. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बोरोल्यांचे आयुष्यातले बहुतेक निर्णय दाढी करताना झालेले आहेत आणि गालावरचा साबण वाळायच्या आत ते अंगाशी आलेले आहेत. (मिशी काढायचा निर्णय असाच झाला होता. त्या दिवशी कचेरीतल्या शिपायाने त्यांना "साहेब जेवायला गेलेत, नंतर या" असं सांगून बाहेर बसवलं होतं.)

आता जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या, सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असलेल्या आणि स्कूटरसुद्धा दोन्ही पाय खाली सोडून चालवणाऱ्या माणसाकडे घोडी आली कुठून, असं कोणीही विचारेल. ती आली सारंगखेड्याच्या यात्रेतून. चार वर्षांपूर्वी बोरोले तिथे घोंगडी घ्यायला गेले होते. घोड्यांच्या बाजारातून सहज चालले असताना एका व्यापाऱ्याने हाक मारली आणि म्हणाला, साहेब, ही घोडी तुमच्याकडे बघून हसली. बोरोल्यांकडे बघून चांगल्या अर्थाने कोणी हसण्याची ती पहिलीच वेळ होती. घोंगडी राहिली आणि शेवंती आली. नूतनताई दारात उभ्या राहून आधी घोडीकडे आणि मग नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या की दोघांपैकी एकालाच घरात जागा आहे, कोणाला ते तुम्ही ठरवा.

म्हणून शेवंती हारुनभाईंच्या तबेल्यात राहायला गेली. हारुनभाई म्हणजे टांग्याच्या काळापासून घोडी सांभाळणारा माणूस. वरातीच्या तीन घोड्या, एक शेळी, पत्र्याचं छप्पर आणि दाराशी एक बाज, एवढा सगळा कारभार. बोरोले शेवंतीवर बसले ते एकदाच. चढले घोडीवर आणि उतरले शेळीवर. तेव्हापासून ते घोडीला मनापासून मानतात आणि शेळीला मनापासून घाबरतात.

पण रोज संध्याकाळी सहाला बोरोले तबेल्यात हजर. शेवंतीच्या कपाळावरून हात फिरवायचा, गुळाचा खडा द्यायचा आणि मग आठ वाजेपर्यंत बाजेवर बसायचं. हारुनभाईंच्या बायकोचा, साबेराभाभींचा, एक चहा साडेसहाला, दुसरा साडेसातला. कचेरीत दिवसभर लोक त्यांच्या टेबलासमोर हात जोडून उभे असायचे आणि घरी नूतनताईंच्या शिकवणीची पंधरा मुलं हॉलभर पसरलेली असायची. बाजेवर मात्र कोणी काही मागत नसे. हारुनभाई घोडीला खरारा करायचे, बोरोले बघत बसायचे. चार वर्षांत जगात त्यांना हीच एक जागा मनापासून आवडली होती, फक्त हे त्यांना स्वतःला अजून कळलेलं नव्हतं.

रविवारी एका साखरपुड्याहून परत येताना धरणगाव रोडवर त्यांना 'अश्वविहार' दिसला. पुण्याला शिकून आलेल्या स्वप्नील नावाच्या तरुणाने तो नव्यानेच काढला होता. प्रत्येक घोड्याला वेगळी खोली, वर सिमेंटचा स्लॅब, खोलीत पंखा, दारावर नावाची पाटी. आणि मे महिना तोंडावर होता. मे महिन्यात जळगावात पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे काय, ते जळगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात शेवंतीने चार दिवस चंदीला तोंड लावलं नव्हतं आणि बोरोल्यांनीही जेवण सोडलं होतं. (नूतनताईंच्या मते त्या आठवड्यात घरात दोडकी होती, हे खरं कारण.) तेव्हा सोमवारच्या दाढीत निर्णय झाला. शेवंती अश्वविहारात जाणार.

अडचण एकच होती, हारुनभाईंना सांगायचं कसं. ज्या माणसाने घोडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली, त्याला तुमचा तबेला आता पुरत नाही असं तोंडावर म्हणणं बोरोल्यांच्या जिवावर आलं होतं. आणि सांगितल्यावर त्या बाजेवर कुठल्या तोंडाने बसायचं, हा विचार मनात येई आणि ते तो झटकून टाकत.

सोमवारी ते सांगायला गेले, तर साबेराभाभींनी गरम भजी पुढे ठेवली. भजी तोंडात असताना असलं बोलता येत नाही. मंगळवारी गेले तर हारुनभाई पत्र्यावर ओली पोती टाकत होते. "शेवंतीला ऊन लागतं ना भाऊ," ते वरून म्हणाले. बोरोल्यांनी खाली उभं राहून मुकाट्याने शिडी धरली. बुधवारी ठरवून, वाटेत दोनदा वाक्य पाठ करून गेले. परत आले ते शेळीला होणाऱ्या पिलाचं नाव ठेवायचं कबूल करून.

त्यात स्वप्नीलने रविवारीच एक छापील अर्ज दिला होता. त्यात पंधरा रकाने होते आणि चौदाव्या रकान्यात आधीच्या सांभाळणाऱ्याचा ना हरकत दाखला आणि त्याच्याच हाताने लिहिलेल्या सवयी, असं मागितलं होतं. त्याशिवाय घोडी आत घेत नाहीत. बोरोल्यांनी तो रकाना दोनदा वाचला. सत्तावीस वर्षं त्यांनी टेबलापलीकडच्या माणसाला एकच वाक्य ऐकवलं होतं, आधी ना हरकत आणा. आज पहिल्यांदा ते स्वतः टेबलाच्या पलीकडे उभे होते.

गुरुवारी पुन्हा दाढी झाली आणि पुन्हा निर्णय झाला. बोरोल्यांनी अर्जाच्या वरचं अश्वविहाराचं नाव कात्रीने कापून टाकलं, कागद हारुनभाईंच्या हातात दिला आणि अगदी कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "हारुनभाई, नवं परिपत्रक आलंय. जनावर ज्याच्याकडे राहतं त्याने ना हरकत लिहून द्यायची. सवयींसकट."

हारुनभाईंनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "सगळ्यांना लागतंय का हे?"

"सगळ्यांना," बोरोले म्हणून गेले. इथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांची सवय, जीभ आवरली नाही. "मुदत शनिवारपर्यंत," असंही त्यांनी जोडून दिलं.

हारुनभाई सरळ माणूस. शेजाऱ्यांचं नुकसान नको म्हणून त्यांनी संध्याकाळीच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अर्जाच्या झेरॉक्स काढल्या आणि ज्याच्या ज्याच्या दारात जनावर बांधलेलं होतं त्याच्या हातात एकेक ठेवली.

शुक्रवारी सकाळी सातला बोरोल्यांनी दार उघडलं तर फाटकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत रांग. सगळ्यात पुढे बेबाबाई, दोन शेळ्यांसकट. (शेळ्या पाहून बोरोले आधी दोन पावलं मागे सरले.)

"भाऊ, मन्या दोनच बकऱ्या शेतस," बेबाबाई म्हणाल्या. "त्यास्ले बी दाखला लागस का?"

त्यांच्या मागे झुलाल नावाचे दूधवाले आजोबा होते. त्यांची म्हैस स्वतःच्याच गोठ्यात राहते, तेव्हा ना हरकत आपणच आपल्याला द्यायची का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. दोघी जणींचं एका मांजरावरून भांडण जुंपलं होतं. मांजर जेवतं एकीकडे आणि झोपतं दुसरीकडे, मग ना हरकत कोणाची घ्यायची? शिकवणीला आलेली मुलं अभ्यास सोडून लोकांचे अर्ज भरून देऊ लागली. नूतनताई चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी बेबाबाईंकडून एक कोरा अर्ज मागून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नवऱ्याच्या घामाने भिजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्ज घडी करून आत नेला.

हे सगळं खोटं आहे असं सांगायची बोरोल्यांची छाती नव्हती. ते ओट्यावर चढले आणि घसा साफ करून म्हणाले की परिपत्रकाला आज सकाळीच स्थगिती आली आहे. लोकांचं लगेच समाधान झालं. परिपत्रक आलं काय आणि थांबलं काय, यात कोणाला काही नवल वाटलं नाही. झुलाल आजोबा तेवढे जाता जाता म्हणाले, "मी मन्ही म्हैसले कालच सही मांगी. ती बी नही म्हने."

दुपारी हारुनभाई स्वतः कचेरीत आले आणि त्यांनी बोरोल्यांच्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं. स्थगिती आली तरी आपण लिहून ठेवलं आहे, असू द्या, असं म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले. बोरोल्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं. मात्र संध्याकाळी तबेल्यात जायला त्यांचा पाय उचलेना. चार वर्षांत पहिल्यांदाच सहा वाजता ते घरी होते. शिकवणीच्या एका मुलाने त्यांना काळ, काम, वेगाचं गणित विचारलं आणि ते त्यांना आलं नाही.

शनिवारी टेम्पो ठरवून त्यांनी शेवंतीला अश्वविहारात नेलं. तबेल्यातून निघताना हारुनभाईंनी तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं. कुठे नेता, हे विचारलं नाही. बोरोल्यांनी सांगितलं नाही. टेम्पोत बसल्यावर मात्र त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते ड्रायव्हरला धूळ म्हणून सांगितलं.

अश्वविहारात शेवंती पंख्याखाली उभी राहिली, सुखाने फुरफुरली आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. स्वप्नीलने पाकीट फोडलं आणि चौदावा रकाना मोठ्याने वाचू लागला.

"सवयी. संध्याकाळी सहाला येतो, आठ वाजेपर्यंत हलत नाही. दोन चहा लागतात, दुसऱ्यात आलं जास्त. शेळीला बुजतो. मनात काही असलं की पायाने माती उकरतो, तोंडाने सांगत नाही. स्वभावाने गरीब. लाथ मारत नाही." स्वप्नील थांबला. "काका, हे घोडीचं वाटत नाही."

बोरोले पायाने माती उकरत होते.

"खाली अजून आहे," स्वप्नील म्हणाला. "घोडी नेण्यास हरकत नाही, तिथे तिला सावली मिळेल. मालक आमच्याकडेच ठेवून घेत आहोत." मग तो हसला. त्याने सांगितलं की घोड्यांचं सगळं तो लहानपणी हारुनचाचांकडेच शिकला होता. शेवंतीची जागाही चाचांनीच मागच्या महिन्यात त्याला फोन करून राखून ठेवायला सांगितली होती. आणि परिपत्रकाचा तो अर्ज अश्वविहाराचाच आहे, हेही त्यानेच गुरुवारी रात्री चाचांना फोनवर सांगितलं होतं. पत्र्याखाली तिचे हाल होतात, हे बोरोल्यांना कसं सांगावं ते चाचांना सुचत नव्हतं. वाईट वाटेल, उद्यापासून यायचे बंद होतील, अशी त्यांना भीती होती.

"आणि काका, आमच्याकडे मालकांना भेटायला फक्त रविवारी सकाळी परवानगी आहे. एक तास."

त्या संध्याकाळी सहाला बोरोले तबेल्यात गेले. शेवंतीच्या जागी शेळी बांधलेली होती. बाज होती तिथेच होती. हारुनभाई वरातीच्या घोडीला खरारा करत होते. त्यांनी मान वर न करता बाजेकडे बोट दाखवलं. बोरोले बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात साबेराभाभींनी चहा हातात दिला आणि तोंड पुन्हा मिटलं.

"हारुनभाई," शेवटी ते म्हणाले, "तुम्ही मला ठेवून घेतलं खरं. पण आधीच्या ठिकाणचा ना हरकत दाखला लागतो. नियम आहे." हा विनोद त्यांना स्वतःला फार आवडला.

"तो कालच आला भाऊ," हारुनभाई म्हणाले आणि खिशातून घडी केलेला अर्ज काढून त्यांच्या हातात दिला.

अर्ज नूतनताईंच्या अक्षरात होता. पंधराच्या पंधरा रकाने व्यवस्थित भरलेले. हरकत या रकान्यात 'अजिबात नाही', परत नेण्याची तारीख या रकान्यात 'घाई नाही' आणि सगळ्यात खाली, शेरा म्हणून, एवढंच: 'दोडकी खातो. नाही म्हणाला तरी द्यावीत.'