खवलीमावशी आणि सोन्याचं पान

एका जंगलात बँक उघडली.

जंगलात बँक कशाला, असं विचारू नका, बालमित्रांनो. जंगलातही कुणी विचारलं नव्हतं. वडाच्या ढोलीत ती उघडली, दाराला झेंडूचं तोरण लागलं आणि अध्यक्षपदी बिबटेसाहेब बसले. बिबटेसाहेबांनी भाषणात सांगितलं, "आजवर मी तुमच्या मागे धावलो. यापुढे मी तुमच्या पाठीशी उभा आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणांनी जरा लांबून वाजवल्या.

ही बँक पैसे देत नसे. जंगलात पैसे नव्हतेच. बँक देई एक पान. साधं आपट्याचं पान, पण वर सोनेरी वर्ख लावलेलं. ते दाखवलं की अस्वलाच्या दुकानात मध मिळे आणि माकडाच्या गाडीवर केळी मिळत. पाणवठ्यावरसुद्धा पानवाल्यांची रांग वेगळी, सावलीतली. बिनपानाचे आपले उन्हात.

त्या उन्हात आमची खवलीमावशी उभी असे.

खवलीमावशी म्हणजे खवल्या मांजर. नावात मांजर असलं तरी ती मांजर नाही. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि जीभ ही एवढी लांब. त्या जिभेने ती मुंग्या टिपून खाई. कुणी डोळे वटारले की अंगाचा गोळा करून पडून राही. मग वाघ जरी आला तरी त्याला नुसतं तिला लोळवत बसावं लागे. मुंग्या सोडल्या तर मावशीचं कुणाशी वैर नव्हतं.

पण मावशीलाही मन होतं. शेजारी साळूताई साळिंदर राहायची. पान मिळाल्यापासून ती रोज मध चाटत रांगेजवळून जायची आणि मुद्दाम थांबायची. "अगं खवली, तू अजून उन्हातच?"

हे मावशीला फार लागायचं. शेवटी तिनेही अर्ज केला. अर्जात एकच प्रश्न होता : अंगावर खवले किती? मावशीने खरं तेच लिहिलं, चारशे बारा. माझ्या खवल्यांचं यांना काय करायचंय, असं तिच्या मनात आलं. पण साळूताईला काटे विचारले होते आणि मोराला पिसं. बँकेची पद्धत असेल, असं म्हणून तिने तो विचार झटकून टाकला.

दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी बँकेचा राघू आला. मावशी रात्री मुंग्या टिपणारी, पाणवठ्यावरून परतून तिचा नुकता डोळा लागला होता. पण बँकेचे लोक झोपेच्या वेळेलाच येतात, हे तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही कळेल.

"अभिनंदन, मॅडम! आपलं पान मंजूर झालंय!" राघूच्या पाठीला झोळी होती आणि चोचीत अखंड वाक्यं होती. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! इथे फक्त नखाचा ठसा द्या. सूर्य मावळायच्या आत. नंतर योजना बंद!"

आवाज ऐकून सगळं जंगल जमलं. मावशीचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी मॅडम म्हटलं होतं. तिने नख पुढे केलं. आणि सहज, अगदी सहज, पान उलटं करून पाहिलं.

मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या. बारीक म्हणजे किती? मुंग्यांएवढ्या. कारण त्या मुंग्याच होत्या. शाईचा खर्च नको म्हणून बँकेने लाल मुंग्या ओळीने उभ्या केल्या होत्या.

इतरांनी ही बाजू पाहिलीच नव्हती. ज्यांनी पाहिली त्यांना वाटलं, पानाला मुंग्या लागल्यात. मावशीचं मात्र आयुष्य मुंग्या न्याहाळण्यात गेलेलं. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'पहिली पौर्णिमा मोफत. नंतर दर पौर्णिमेला एक खवला.'" मावशीने ओळ वाचली आणि सवयीने चाटून टाकली.

"'एक दिवस उशीर झाल्यास दहा खवले.'" चट्.

"'खवला उपटताना दुखल्यास दुखण्याचे शुल्क वेगळे.'" चट्.

"मॅडम, मॅडम!" राघू किंचाळला. "अटी खायच्या नसतात! अटी मान्य करायच्या असतात!"

"आधी पोटात तर जाऊ दे, बाबा. पचल्या तर मान्य करीन."

शेवटची ओळ देठाजवळ दाटीवाटीने उभी होती. "'उपटलेले खवले, काटे व शिंगे अध्यक्षांकडे जमा होतील.'"

मावशीची जीभ जागीच थांबली. खवले बिबटेसाहेबांकडे जमा. आणि मग बिनखवल्यांची मावशी? तीही त्यांच्याकडेच जमा होणार की! तरी ती ओळही तिने गिळली.

"आता झालं तर!" साळूताई म्हणाली. "सगळ्या अटी खाल्ल्यास तू. पान कोरं झालं. घेऊन टाक!"

मावशीलाही क्षणभर ते पटलं. सावलीतली रांग तिच्या डोळ्यांपुढे आली. एवढ्यात राघूच्या झोळीतून मुंग्यांची नवी फौज निघाली, पानावर चढली आणि ओळीने उभी राहिली. दर पौर्णिमेला दोन खवले.

"अटी पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात," राघू म्हणाला. हे वाक्य त्याला फारच छान पाठ होतं.

"मग मला नको तुमचं पान."

राघू गोंधळला. त्याला तीनशे वाक्यं पाठ होती, पण त्यांत याचं उत्तर नव्हतं. "धन्यवाद, मॅडम. आपला होकार नोंदवला आहे."

"अरे, नको म्हणतेय मी!"

"पान नको असल्यास ते बंद करावं लागेल. बंद करण्यासाठी आधी सुरू करावं लागेल. सुरू करण्यासाठी नखाचा ठसा."

"आणि मला सुरूच करायचं नसेल तर?"

"मग ते बंद कसं होणार, मॅडम?"

आता जमलेले प्राणीही चिडले. दसऱ्याचं सोनं कुणी परत करतं का? साळूताईचे तर काटे उभे राहिले. "चारचौघांत शोभा केलीस! तुझी शेजारीण म्हणून माझी पत काय राहील?"

मावशीला रडू फुटलं. एकटं पडण्याची भीती खवल्यांच्या आतही शिरतेच. पण ते खवले तिचे होते, चारशे बाराच्या चारशे बारा. तिने जन्मभर जे केलं तेच केलं. अंगाचा गोळा केला.

डोळे आत, जीभ आत, नखंही आत. राघूने चोच मारून पाहिली, चोच दुखली. मग त्याने संध्याकाळपर्यंत त्या गोळ्याचं अभिनंदन केलं. सूर्य मावळला, योजना बंद झाली आणि राघू पान घेऊन उडून गेला.

वर्ष सरलं. तोंडाला पानं पुसणं हा वाक्प्रचार तुम्हाला शाळेत शिकवतील, त्या जंगलाला तो प्रात्यक्षिकासह शिकवला गेला. मोराचा पिसारा गेला. काळविटाची शिंगं गेली. साळूताईचे काटे जाऊन ती सोललेल्या फणसासारखी दिसू लागली.

पत मात्र सगळ्यांची उत्तम होती. बँकेने पाणवठ्यावर तशी यादीच लावली. सगळ्यात वर साळूताई. तिला आता हिऱ्याचं पान मंजूर झालं होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं : खवली, पत शून्य. कारण, कधीही काही थकवले नाही.

त्याच दिवशी बिबटेसाहेब वसुलीला निघाले. चालत निघाले. धावायची आता गरज नव्हती.

साळूताई धापा टाकत मावशीच्या बिळात शिरली. मावशीने बिळाच्या तोंडाशी अंगाचा गोळा केला आणि ती बुचासारखी घट्ट बसली. बिबटेसाहेबांनी दोनदा पंजा मारला, एकदा चावून पाहिलं, आणि दात चोळत ते हरणांच्या कुरणाकडे वळले. तिथली वसुली सोपी होती.

साळूताई आत मुसमुसत होती. "रडू नकोस, बाई," मावशी म्हणाली. "काटे येईपर्यंत इथेच राहा."

साळूताईने डोळे पुसले. मग तिने मावशीकडे फार कणवेने पाहिलं.

"ते सगळं खरं गं, खवली. पण तुझं कसं होणार? तुला आता कुणी पान देणार नाही."

तात्पर्य : पानामागच्या अटी कधीही वाचू नयेत. वाचल्याने पोट भरते, पण पत जाते. वाचणारी एक शेजारीण मात्र जवळ असावी.